गेल्या अठ्ठावीस दिवसांत

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, खाली नमकीनचं दुकान.
दुपारी चारला लवंगी शेव तळायला घेतात
आणि वास जिन्यानं वर येतो,
नंबर न लावता.

माझं काम सोपं. तक्ता द्यायचा, पेन्सिल द्यायची,
सोबत आलेल्या माणसाला खाली पाठवायचं.
पेनानं भरू देत नाहीत मॅडम.
म्हणतात, खरं उत्तर जरा उशिरा येतं.

आधी तक्ता हिंदीतच होता.
मराठी मी केला, रामबागेतल्या मराठीत,
दोन रविवार घालवून.
'खाण्याची भीती वाटते का?' इथं अडले.
भीती म्हणजे पालीची वाटते ती,
की वडिलांची वाटते ती?
मॅडम म्हणाल्या, आहे तसं ठेवा,
ज्याला वाटते त्याला कळेल.

'इतर लोक तुम्हाला जास्त खा म्हणतात का?'
या प्रश्नाला इंदुरात काही अर्थ नाही.
इथं रिक्षावाला विचारतो, भिया, पोहे झाले?
बँकेतला कॅशियर नोटा मोजता मोजता सांगतो
सराफ्यात गराडू आलेत म्हणून.
सगळं शहर 'नेहमी'च्या रकान्यात बसतं.

आणि उपासाला रकानाच नाही.
दोन एकादश्या, एक संकष्टी, चार सोमवार,
अठ्ठावीसातले सात असेच गेले
आणि घरानं त्याचं कौतुकच केलं.

शाल्मली टोकेकर, वय एकोणीस.
आई उभ्यानंच उत्तरं द्यायला लागली:
खाते हो, व्यवस्थित खाते, परवाच श्रीखंड…
मी म्हटलं, काकू, खाली बाकावर बसा,
यात तुमचा रकाना नाही.
बोलून गेले आणि मलाच लागलं.

सहा मिनिटांत तक्ता परत.
कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही,
कवायतीला उभ्या मुलांसारख्या खुणा.
उलटा केला तर मागच्या बाजूला
प्रत्येक खूण उमटलेली,
बोटाला लागेल इतकी.
बेरीज माझ्याकडे असते. आली शून्य.
शून्याचे तक्ते हिरव्या फायलीत जातात.
मी स्टेपलर शोधत बसले,
जो समोरच होता.

एका रात्री मीही भरला होता हा तक्ता,
मराठी नीट जमलंय का बघायला.
सातव्या प्रश्नाशी दिवा बंद केला.
'आपल्याला खाताना कुणी बघू नये असं वाटतं का?'
अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला कोण विचारतं
ती सगळे झोपल्यावर
ओट्यापाशी उभ्यानं का जेवते,
पातेल्यातूनच.

ती जिन्यापर्यंत गेली होती. तिथं शेवेचा वास दाट असतो.
वळली. म्हणाली,
सातवा प्रश्न कुणी लिहिलाय?
म्हटलं, लिहिला कुणीतरी दूरदेशी. मराठी माझं आहे.
'बघू नये' बरोबर आहे, ती म्हणाली.
मग बराच वेळ काहीच नाही.
खाली तिच्या आईनं कसला तरी भाव विचारला.

खोडरबर आहे?

होतं. मुलाच्या कंपासातलं, अर्धं, कडेला चावलेलं.
तिनं एकच खूण खोडली.
पेन्सिल 'कधीकधी'पाशी थांबली,
पुढं सरकली, परत आली,
पुन्हा पुढं गेली.
मी पंख्याकडे बघत राहिले,
जेवणाऱ्याकडे बघू नये तसं.

एका खुणेनं निदान होत नाही.
तक्ता मात्र फायलीत लावला नाही,
उठून आत नेऊन दिला.
मॅडमनी चष्मा काढला, म्हणाल्या, बसव तिला,
आईला चहा सांग.

टेबलावरचा रबराचा चुरा
संध्याकाळपर्यंत झाडला नाही मी.
कुलूप लावताना आठवलं,
माझा तक्ता अजून सातव्या प्रश्नावरच आहे,
मसाल्याच्या डब्याखाली,
घडी घातलेला.